स्वतः जोडलेला संगणक अचानक बंद पडतोय? दोष असा शोधा

घरी जोडलेला संगणक मध्येच बंद पडू लागला की लगेच नवा पॉवर सप्लाय मागवू नका. आधी तो नेमका कसा बंद पडतो ते नीट पाहा. पंख्यांसकट सगळं एका क्षणात थांबलं, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा तापमानावर घ्यायचा. निळा स्क्रीन चमकून संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम, ड्रायव्हर किंवा ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) तपासायचं. हा स्क्रीन वाचायलाही मिळत नसेल, तर विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधला आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय बंद करा.

मग विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल आणि पॉवर सप्लाय गेला असं वाटेल. पण ती नोंद एवढंच सांगते, की संगणक रीतसर बंद झाला नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या बिघाडाचा क्रमांक, शून्य असेल, तर निळ्या स्क्रीनची नोंद झालेली नाही. १०७४ ही नोंद सापडली, तर एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर बंद केला आहे. मग हार्डवेअर उकलायची गरजच नाही.

यानंतर संगणक बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या, स्क्रीनवर सोडून द्या. तिथेही बंद पडला, तर विंडोज आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष. तिथलं प्रोसेसरचं तापमान बघत राहा. काहीच काम नसताना ते भराभर चढत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही. नव्या जोडणीत कूलरच्या तळाची संरक्षक फिल्म काढायची राहून जाते, एखादी पिन अर्धवट बसते, किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायरच जोडलेली नसते. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी वेग कमी करतात. तरीही ताप आवरला नाही, तर बंद होतात. कूलर काढलात तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावाच.

गेम सुरू झाला की बंद, एरवी ठणठणीत? इथे मात्र पॉवर सप्लायकडे वळा. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा खूप जास्त वीज ओढतं आणि पॉवर सप्लायची सुरक्षा यंत्रणा पुरवठा तोडते. त्यानंतर मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय संगणक सुरूच होत नसेल, तर ही शक्यता अधिक बळकट होते. कार्डाला दोन सॉकेट असतील, तर दोन स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलची दोन टोकं नकोत. प्रोसेसरची आठ पिनांची जोडणीही पक्की दाबून बघा. भिंतीतला प्लग, एक्स्टेन्शन आणि यूपीएस बदलून पाहणं सर्वांत सोपं, म्हणून ते आधीच उरकून घ्या. पॉवर सप्लाय स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरतो.

रॅमसाठी बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करा आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक निघाली, तर एकेक पट्टी वेगळी तपासा.

एवढं करूनही दोष सापडला नाही, तर संगणक केसबाहेर काढा. आधी प्लग काढा. मदरबोर्ड तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड जोडा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की संगणक सुरू होतो. बाहेर बिनतक्रार चालला, तर दोष केसमध्ये किंवा न जोडलेल्या भागात आहे. केसमध्ये चुकीच्या जागी बसवलेला स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा छोटा खुंट) बोर्डाला खालून टेकत असेल, किंवा समोरचं बटण आत अडकत असेल. बटण काही सेकंद दाबलेलं राहिलं, तरी संगणक बंद होतोच.

बाहेरही बंद पडला, तर पुरेशा क्षमतेचा दुसरा चालू पॉवर सप्लाय त्याच्याच केबलसह लावून बघा. जुन्या केबल तशाच ठेवू नका. मॉड्युलर (पॉवर सप्लायपासून सुटी होणारी) केबल सॉकेटमध्ये बसली, तरी कंपनी किंवा मॉडेल बदललं की पिनांचा क्रम बदलू शकतो आणि डिस्क, बोर्ड जळू शकतात. या बदलानंतरही तेच होत असेल, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर उरतात. त्यांपैकी मदरबोर्डवर आधी संशय घ्या आणि वॉरंटीचा दावा करताना आतापर्यंतच्या तपासण्या क्रमाने लिहून द्या.