पक्षाघातानंतर मन बिघडतं तेव्हा घरच्यांनी काय करावं

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की सगळं घर हातापायांच्या मागे लागतं. मनाकडे लक्ष जातं ते माणूस व्यायामालाच नकार द्यायला लागल्यावर. झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते, त्यामुळे 'मन घट्ट करा' म्हणून भागत नाही.

आधी नीट ओळखा, कारण घरोघरी तीन वेगळ्या गोष्टी 'बाबा खचलेत' या एकाच वाक्यात बसवल्या जातात.

नैराश्यात दोन आठवडे किंवा जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असतं, नाहीतर कशातच गोडी वाटत नाही. थकवा, मोडलेली झोप, भूक न लागणं हे नुसत्या झटक्यानेही होतं. तेवढ्यावरून ठरवू नका. नातू आला तरी चेहरा खुलत नाही, 'मी तुमच्यावर भार झालोय' असं सारखं तोंडी येतं, याला जास्त महत्त्व द्या.

निरिच्छतेत माणूस दुःखी नसतो. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवतो, पण शेजारचा पाण्याचा पेला स्वतःहून उचलत नाही. घरचे याला आळस समजतात आणि बहुतेक भांडणं इथेच होतात. खरं तर कामाला सुरुवात करून देणारा मेंदूचा भागच मंदावलेला असतो. 'फिरायला जायचं का?' विचारलंत तर उत्तर 'नको'च येणार. त्याऐवजी रोज ठरल्या वेळी, 'साडेआठ झाले, चप्पल घाला. मासुंदा तलाव की कचराळी तलाव?' पर्याय दोनच द्या.

तिसरं म्हणजे अकारण येणारं रडू किंवा हसू. बातम्या बघताना हुंदका फुटतो, मिनिटाभरात थांबतो, मधल्या वेळात माणूस ठीक असतो. समजूत घालत बसलात तर रडू लांबतं. श्वास सावकाश सोडायला सांगा, बसण्याची स्थिती बदला, चाललेलं बोलणं पुढे न्या. पाहुण्यांना दारातच कल्पना द्या. एका वेळी दोघंच, पंधरा मिनिटं. हे वारंवार होत असेल तर त्यावर औषध आहे.

या गोष्टी एकत्रही असतात. म्हणून रोज रात्री कालनिर्णयच्या चौकोनात लिहा: मन कसं होतं (0 ते 10), किती वेळा रडू आलं, स्वतःहून काय केलं. दोन आठवड्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवा.

वाचा गेली असेल तर एका वेळी एकच 'हो-नाही'चा प्रश्न विचारा आणि दहा सेकंद थांबा. मान हलली म्हणजे कळलंच असं नाही. तोच प्रश्न उलटा करून विचारा. 'झोप लागली?' नंतर 'जागे होता?' दोन्हींना 'हो' आलं तर उत्तर धरू नका.

दिवसभरात एक तरी खरं काम त्यांच्याकडे द्या, शक्यतो सकाळी. मेथी एका हाताने निवडता येते. ताटाखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ताट सरकत नाही. पंधरा-वीस मिनिटं काम, मग विश्रांती. आणि निवडलेली मेथी त्यांच्यासमोर पुन्हा निवडू नका.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की ठाण्यात लोक जरा जास्तच दचकतात. 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा इथल्याच 1901 सालच्या मनोरुग्णालयावरून आलेली! ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. निघायला जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं, चोवीस तास.

जाताना झटक्याची पूर्ण फाइल न्या. नैराश्याच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि वयस्करांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. रक्ततपासणी कधी करायची ते विचारून घ्या. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. झोपेची गोळी मनाने तर अजिबात नको, रात्री तोल जाऊन पडायला तीच कारण होते.

'मी गेलो तर सुटाल' असं कानावर आलं तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि इन्सुलिन कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वागणं मात्र तासा-दिवसात एकदम बदललं, माणूस बरळायला लागला, तर ते नैराश्य समजू नका. लघवीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम किंवा नवा झटका असू शकतो. लगेच दवाखान्यात न्या. तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलेलं दिसलं तर 108 लावा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात.