आरओचं ‘वेस्ट’ पाणी फिश टँकला कसं वापरावं

आरओच्या बारीक नळीतून सिंकमध्ये जाणाऱ्या पाण्याला आपण ‘वेस्ट’ म्हणतो, पण ते घाण पाणी नाही. आपल्याच नळाचं पाणी, क्षारांनी दाट झालेलं. मेम्ब्रेनपर्यंत (क्षार अडवणाऱ्या पडद्यापर्यंत) पोचण्याआधी ते गाळाच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून जातं. त्यामुळे कार्बन वेळेवर बदललेला असेल, तर क्लोरीन बहुतेक निघालेलं असतं. बदलला नसेल तर नेहमीसारखे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकाच.

पहिलं काम, पाणी किती दाट झालंय ते काढणं. मशीन ३ लिटरमागे १ लिटर शुद्ध पाणी देत असेल, तर उरलेल्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये म्हणजे लिटरला मिलिग्रॅममध्ये) साधारण दीडपट होतो. नळाला ३०० असेल तर ४५०, बोअरला ९०० असेल तर १३५०. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मुळात मऊ, त्यामुळे तिथलं वेस्ट पाणीही बऱ्याच माशांना चालून जातं. टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत मात्र अंदाजाने चालू नका.

टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही, आणि माशांना फरक तिथेच पडतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात सहसा कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट, सोडियमचं. आकडा सारखा दिसला तरी हे खारट पाणी टँकला वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून थेंबांचं जीएच-केएच किट घ्याच (जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, केएच म्हणजे कार्बोनेटचा). शेतीच्या भागात बोअर असेल तर नायट्रेटही तपासा. तेही या पाण्यात दाट होतं. ४० पीपीएमच्या वर निघालं तर नाद सोडा.

जीएच १० ते २० अंश आणि पीएच ७.५ ते ८.५ आला, तर गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि मलावी सरोवराचे सिक्लिड या पाण्यात मजेत राहतात. वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया चांगली वाढते. निऑन टेट्रा आणि डिस्कस ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. त्यांना हे पाणी देऊ नका.

मशीनमध्ये अँटीस्केलंटचे (मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसू न देणारे) खडे आहेत का, हे सर्व्हिसवाल्याला विचारा. त्यांत बरेचदा फॉस्फेट असतं, ते याच नळीतून बाहेर पडतं आणि टँकमध्ये शेवाळ माजतं. नवीन मेम्ब्रेन बसवल्यावर पहिले काही तास हे पाणी टँकसाठी धरू नका.

पाणी धरायला साबण कधीच न लागलेली बादली ठेवा. नळी कुठे चिमटू देऊ नका, पाणी अडलं तर मेम्ब्रेन लवकर खराब होतं. भरलेल्या बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून काही तास हवेचा पंप चालवा. पाणी टँकइतकं कोमट-गार झालं की मगच ओता.

दोन फुटी टँकमध्ये (२४ × १२ × १२ इंच) जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. आठवड्याला पाव भाग, म्हणजे १४ लिटर बदलायचं. घरात रोज १० लिटर शुद्ध पाणी लागत असेल तर एका दिवसात २० लिटर जमतं. पण सुरुवात हळू करा. पहिले चार आठवडे दर वेळी ५-६ लिटरच बदला, नाहीतर जुन्या माशांना एकदम दाट पाण्याचा धक्का बसतो. दुकानातून आणलेले नवे मासेही तास-दोन तास थेंब-थेंब पाणी मिसळतच सोडा.

सगळ्यात जास्त चुका पाणी आटल्यावर होतात. आटतं ते नुसतं पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. त्यावर वेस्ट पाण्याची भर घातली की दाटपणा आठवड्यागणिक चढत जातो आणि मासे का मरतायत ते कळत नाही. आटलेली पातळी आरओच्या शुद्ध पाण्यानेच भरा. वेस्ट पाणी फक्त बदलताना वापरा.

काचेवर पांढरी रेघ उमटेलच. ती काच कोरडी असताना व्हिनेगरच्या फडक्याने निघते, थेंब आत पडू देऊ नका. टँकचा टीडीएस महिन्यातून एकदा मोजा. एप्रिल-मेमध्ये बोअरची पातळी खाली जाते किंवा टँकर बदलतो, तेव्हा मोजमाप दर आठवड्याला करा.