पोरगं वयात येतंय? मुलांच्या दवाखान्यात होणाऱ्या या चुका टाळा

लसींचं कार्ड भरलं की मुलांच्या डॉक्टरांशी संबंध संपला, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. मी चोपडा भागात मुलांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. 10 ते 19 वयात पोरं दिसतात ती फक्त ताप-खोकल्याला, बाकी प्रश्न मग मोबाईलला नाहीतर मित्राला.

दुसरी चूक, आईसमोरच सगळं विचारणं. एक 13 वर्षांचा मुलगा पोट दुखतं म्हणून आलेला, डॉक्टर सर काही विचारायचे की आईच बोलायची, "याले आजून काही समजस नही", आणि तो आपला शर्टाचं बटण पिळत खाली बघतोय. सरांनी आईला जरा बाहेर बसवलं तेव्हा कळलं, छातीला गाठ लागते म्हणून महिनाभर घाबरलेला, आपण मुलगी होतोय की काय असं वाटत होतं त्याला. वयात येताना बऱ्याच मुलांना असं होतं, बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, पण हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! त्यामुळे डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं तर राग मानू नका.

मुलींना निदान पाळीचं तरी सांगतो, मुलांना काहीच नाही. झोपेत वीर्य जाणं नॉर्मल आहे, त्याला 'स्वप्नदोष' म्हणणंच सोडा, त्यात दोष कसला? या भीतीपायीच पोरं स्टँडजवळच्या भिंतीवरचे 'गुप्तरोग'वाले नंबर फिरवतात.

आणि आम्हा स्टाफची चूक म्हणजे "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊन बसणं. आधीच सांगायचं की तुझं इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी वाईट वागलं असेल तर सांगावं लागेल, कारण 18 च्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने (2012) बंधनकारक आहे. मुलांनाही 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा हेल्पलाईन नंबर पाठ करून द्या.

एचपीव्ही (शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू) याची लस लग्नापर्यंत ढकलू नका, साधारणपणे 9 ते 14 मध्ये दोन डोस देतात, 15 नंतर तीन. लस कशासाठी हे सांगताना विषय आपोआप निघतो.

पोरगं बोलतच नसेल तर थेट त्याच्यावर जाऊ नका. आधी शाळा, झोप, मोबाईल, मग "तुझ्या वर्गातल्या मुलांना असे प्रश्न पडतात का" असं विचारा. तरी गप्पच, तर आम्ही कोरा कागद देतो, नाव न लिहिता प्रश्न लिही म्हणतो, बऱ्याचदा पान भरून येतं. खाजगी फी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीचं मैत्री क्लिनिक कधी असतं ते विचारा, तिथे फुकट बोलता येतं.