मोरे मैदानातील वाऱ्यात एकट्याने तंबू उभारताना

मनाली–लेह मार्गावर पांगच्या पुढे सुमारे ४,७०० मीटर उंचीवर पसरलेल्या मोरे मैदानात दुपारनंतर वारा बहुधा जोर धरतो, त्यामुळे एकट्या सायकलस्वाराने उजाडताच निघून बहुतेक अंतर दुपारपूर्वी कापावे. खरी कसोटी लागते ती मुक्कामाला. सामानाने लादलेली सायकल आडवी ठेवून तंबूच्या वाऱ्याकडील कोपऱ्याची दोरी आधी तिला बांधावी, त्या बाजूच्या खुंट्या डोके तंबूपासून बाहेर कलेल अशा ठोकाव्यात आणि मगच दांड्या ओवाव्यात. हा क्रम चुकल्यास कापड शिडासारखे फुगून हातातून निसटते. वारा कितीही बोचरा असो, तंबूच्या आत स्टोव्ह मुळीच पेटवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जिवावर बेतू शकतो.