घटस्फोटानंतर मुलीचं अमेरिकन नागरिकत्व: ‘कस्टडीचा पुरावा द्या’ असं पत्र आलं तर

ताई अमेरिकन नागरिक झाली. भाची ग्रीन कार्डवर, तिच्यापाशीच. तिथल्या २००० च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालचं असं मूल नागरिक पालकाच्या कायदेशीर आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तर आपोआप नागरिक होतं. तरी एन-६०० या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राच्या अर्जावर कस्टडीचा पुरावा मागणारं पत्र आलं.

घटस्फोटाचा हुकूमनामा पुन्हा पाठवला, वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडलं. उपयोग शून्य, डोकं फिरायची वेळ आली.

अडचण अशी की परस्पर संमतीच्या ताईच्या हुकूमनाम्यात ‘समजुतीच्या अटींप्रमाणे’ एवढंच होतं. कस्टडीचं कलम त्या अटींच्या वेगळ्या कागदात. म्हणून मी इथे वडोदऱ्यात वकिलामार्फत कौटुंबिक न्यायालयातून आधी हुकूमनामा आणि अटी, दोन्हींची एकत्र प्रमाणित नक्कल काढली. मग गुजराती मजकुराचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर, शिक्के-शेऱ्यांसकट. त्याखाली भाषांतरकाराचं सहीचं निवेदन: भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मी ते करायला सक्षम आहे. (याला नोटरी लागत नाही; उगाच पैसे घालू नका.) भाची आईकडेच राहते हे दाखवायला शाळेची कागदपत्रं. आलेलं मूळ पत्र सगळ्यात वर ठेवून, मुदतीच्या आत सगळं एकाच वेळी पाठवलं. तुकड्यातुकड्यांनी पाठवू नका.

प्रमाणपत्र आलं. एकट्या आईकडे कस्टडी असल्याने पासपोर्टलाही हीच नक्कल चालली, वडिलांची सही लागली नाही.