पावसाळ्यात सर्पदंशाचं इंजेक्शन संपायचं, त्यावर काढलेला मार्ग

मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी. भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात, आणि नेमकं तेव्हाच प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, संपायचं. जिल्हा भांडाराला दोष देणं सोपं होतं. पण जुन्या वह्या चाळल्यावर खरी गोम कळली. मागणी वर्षाच्या सरासरीवर जात होती. उन्हाळ्यात व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) पडून, आषाढात ठणठणाट.

मग साठा व्हायलमध्ये मोजणं सोडून रुग्णांत मोजायला लागलो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. पण विष चढल्याची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच साधारण १० व्हायल लागतात, मूल असो की मोठा माणूस. म्हणजे कपाटातल्या २० व्हायल दिसायला भरपूर, प्रत्यक्षात दोघांपुरत्या! ‘तीन रुग्णांपेक्षा कमी साठा = आजच मागणी’ अशी चिठ्ठी कपाटावर चिकटवली. पावसाळ्याची मागणी एप्रिलमध्येच पाठवली.

शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांशी अदलाबदलही ठरवली: मुदत संपत आलेला माल जिथे रुग्ण जास्त तिथे. भुकटीच्या व्हायलची ने-आण सोपी. द्रवरूप असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअस राखणारी शीतपेटी हवीच. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर आधी अ‍ॅड्रेनालिन लागतं, म्हणून तेही त्याच हिशेबात धरलं. विषाने स्नायू लुळे पडले तर लागणारी निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन ही औषधंही त्याच्याच ट्रेमध्ये.

यंदा साठ्याअभावी कुणाला पुढे पाठवावं लागलं नाही. सह्यांचे कागद मात्र दुप्पट झाले.