पोरगा प्रो कबड्डीला धाडण्याआधी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या दापोली तालुक्यात रात्रीचे सामने रंगतात, आणि सामना संपला की कुणाचा तरी बाप मला गाठतो. "काका, पोरगा प्रो कबड्डीत चालेल ना?" एसटीत कंडक्टर असताना मी डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला खेळायचो. गुडघा गेला, आता पोरं बघतो.

टाळ्या विसरा, आधी स्कोअरशीट मागून घ्या. हर्णैच्या एका पोराने एका रात्रीत 18 गुण काढले. मी हुरळून गेलो आणि त्याला मुंबईला चाचणीला धाडलं. दोन दिवसांत परत आला. मग शीट उघडली, तर 18 पैकी 11 बोनस, म्हणजे कुणाला न टिपता नुसती बोनस रेषा ओलांडून मिळालेले! समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो, आणि गावच्या बचावाला तो देऊन टाकायला काही वाटत नाही. म्हणून बोनस खोडा. उरलेल्यांत हाताने किती, पायाने किती टिपले ते मोजा. समोर तिघंच उरले असताना तो काय करतो, हे तर नीटच बघा. तिथे पकड झाली की समोरच्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात, आणि मोठे बचावपटू त्याचीच वाट बघत बसलेले असतात.

मग तिसरी चढाई. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाईपटू बाद. कच्चा पोरगा पंचवीस सेकंद इकडून तिकडे नाचतो आणि शेवटी दिसेल त्या हातावर झेप घेतो. तयार पोराने मध्यरेषा ओलांडण्याआधीच कुणाला टिपायचं ते ठरवलेलं असतं. हे पायांवरून कळतं, चेहऱ्यावरून नाही.

कोपऱ्यावरच्या पोराला पकडींवरून जोखू नका. मी जुन्या तिकिटांच्या मागे रेघा मारतो. चढाईपटूने दिलेल्या प्रत्येक हुलीला एक रेघ, पोरगा फसून झेपावला की त्यावर फुली. फुल्या अर्ध्याहून जास्त झाल्या तर वर्षभर थांबा. घोटा धरायचा तो चढाईपटूचा मागचा पाय जड झाल्यावर; आधी उडी मारलीत तर तुम्हीच बाहेर.

वजनाचं बापांना सांगून पटत नाही. वीस वर्षांखालच्या गटात 70 किलोची मर्यादा असते, वरच्या गटात 85 किलोपर्यंतचे गडी येतात. पंधरा किलोचा फरक घोट्यावर पडतो तेव्हा कळतो. म्हणून पोराला आधी मोठ्यांच्या संघात खेळवा, हरला तरी चालेल.

आणि मॅट. मातीत अनवाणी पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट चिकटून राहतो, वळताना गुडघा पिळवटतो. (माझा मातीतच गेला, ते सोडा.) जवळ जिथे मॅट असेल तिथे महिनाभर बूट घालून सराव हवा.

बाद होऊन बाकावर बसल्यावर पोरगा कुठे बघतो, तेही हळूच पाहून ठेवा. हर्णैचा तो पूर्वी मोबाइल काढायचा. यंदा समोरचा कोपरा किती आत सरकतोय ते बघत होता. परवा विचारलं त्याने, "काका, आता?" मी म्हटलं, बूट आहेत का? शनिवारी खेडला जाऊन आणतो म्हणाला.